डावीकडची सीट

"आधी पाय नको, मैना. आधी कंबर," ललिता म्हणाली आणि किशोरच्या बगलांत हात घालून तिने त्याला चाकांच्या खुर्चीतून उचललं. कामाला असलेल्या मैनाने समोरून त्याच्या कमरेचा पट्टा धरला. दोघींनी त्याला वळवलं, खाली नेलं, मग आणखी खाली. गाडी इतकी बसकी होती की तिच्यात माणूस बसवणं म्हणजे त्याला जवळजवळ जमिनीवर ठेवणं. त्याचा उजवा पाय बाहेरच राहिला होता. मैनाने तो दोन्ही हातांनी उचलून आत घेतला आणि चप्पल सरळ केली.

समोरच्या बंगल्यातल्या लताबाई फुलं तोडता तोडता कुंपणाशी आल्या.

"दर रविवारी नेता हो त्यांना. एवढं कोण करतं आजकाल."

"त्यांना आवडतं," ललिता म्हणाली.

तिने वाकून त्याचा सीटबेल्ट लावला. किशोर समोरच्या काचेतून त्या लांबलचक लाल बॉनेटकडे बघत होता. त्याचा डावा हात, जो अजून चालत होता, दाराच्या मुठीवर जाऊन बसला होता.

नाशिकमधल्या अंबडच्या त्याच्या कारखान्यात गाड्यांचे पत्रे दाबले जायचे. दारं, बॉनेटं, बंपरच्या आतल्या पट्ट्या. आयुष्य त्यात गेल्यामुळे पत्र्याचं त्याला कळायचं. ही गाडी इटलीहून आली त्या दिवशी त्याने पाहुण्यांसमोर बॉनेटवरून तळहात फिरवला होता आणि म्हणाला होता, "बघा, नाकापासून काचेपर्यंत एक सांधा नाही. वारा इथून वर चढतो आणि या खाचेतून आत शिरून बाजूने बाहेर पडतो. एकही रेघ नुसती शोभेला नाही." मग त्याने बॉनेट उघडून बारा सिलिंडरचं इंजिन दाखवलं. पुढच्या चाकांच्या मागे, जवळजवळ बसणाऱ्याच्या पायांशी नेऊन ठेवलेलं. आठशे घोड्यांची ताकद. शंभरचा वेग गाठायला तीन सेकंदही नकोत. पाहुणे माना डोलावत होते. ललिता सरबताचा ट्रे घेऊन उभी होती.

दोन वर्षांनी एका सकाळी दाढी करता करता तो न्हाणीघरात कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजायचं सगळं, पण तोंडातून एक शब्द येत नव्हता. पुण्याहून मुलगा आला, योगेश. महिनाभराने त्यानेच विषय काढला.

"आई, ती गाडी विकून टाकू. कोण चालवणार आता?"

"मी."

योगेश हसला. ललिता हसली नाही, तेव्हा तो थांबला.

"बाबांचा जीव आहे तिच्यात," ती म्हणाली. "राहू दे."

वाचा शिकवायला येणाऱ्या मोहिनीलाही ते पटलं होतं. आठवड्यातून दोनदा ती चित्रांची कार्डं घेऊन यायची, किशोरच्या समोर बसायची आणि एकेक शब्द शंभरदा म्हणायची. "ज्या गोष्टीत जीव अडकलाय तिच्याजवळ न्या त्यांना, काकू," ती म्हणाली होती. "मेंदूचं काही सांगता येत नाही. कधी कधी मनाला हलवलं की शब्द बाहेर पडतो."

तोवर ललिताने छोटी गाडी भाजी आणण्यापुरती चालवली होती. मुंबईच्या शोरूमने मयूर नावाच्या माणसाला शिकवायला पाठवलं. तो मालकिणीला गाडी गेटबाहेर काढायला शिकवायच्या तयारीने आला होता. ललिताने पहिल्याच दिवशी विचारलं, "ही सुटते कुठे?"

"म्हणजे?"

"हाताबाहेर कधी जाते?"

मयूरने तिच्याकडे नीट पाहिलं. मग त्याने सांगितलं. इंजिन पुढे, पण गिअरबॉक्स मागे, म्हणून वजन दोन्हीकडे सारखं. चालवणारा जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेला. नाक लांब, त्याचं टोक दिसत नाही. "मागची चाकं पकड सोडायला लागली मॅडम, तर डोळ्यांना नंतर कळतं. आधी पाठीला कळतं. वळणातून बाहेर पडताना पायाला घाई करायची नाही. आणि हे बटण," त्याने स्टिअरिंगवरची गोल कळ दाखवली, "हे इथेच ठेवायचं. याच्या पुढे नेलं की गाडी तुम्हाला सांभाळत नाही, तुम्ही गाडीला सांभाळायचं."

ती लवकर शिकली. जायच्या दिवशी मयूर म्हणाला, "साहेबांपेक्षा तुमचा हात शांत आहे."

आज सिन्नरच्या पुढे समृद्धी महामार्गावर चढेपर्यंत तिने गाडी अगदी सावकाश आणली. गतिरोधक आला की गाडीचं नाक उचलणारी कळ दाबायची, ओलांडला की सोडायची. चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघत होती. किशोरची मान सरळ होती.

टोल नाका मागे पडला. रस्ता रुंद आणि रिकामा झाला. ललिताने दोन्ही हात स्टिअरिंगवर नीट ठेवले आणि उजवा पाय दाबला.

इंजिनचा आवाज आधी खाली, पोटात सुरू झाला. मग वर चढत गेला आणि किंचाळी होऊन थांबला, तिथेच राहिला. सीटने दोघांच्या पाठी घट्ट धरल्या. दुभाजकातली झाडं एकमेकांत मिसळली.

किशोरच्या समोर, डॅशबोर्डमध्ये, एक लांबट पडदा होता. शेजारी बसणाऱ्यासाठी वेगळा. त्यावर वेग दिसायचा. गाडी मागवताना त्याने तो मुद्दाम जादा घालून घेतला होता. "तुला दिसावं म्हणून," तो ललिताला म्हणाला होता.

त्याने तिच्यावर कधी हात उचलला नाही. लोकांत कधी आवाज चढवला नाही. एखाद्या लग्नात ती त्याच्या बोलण्याला आडवी गेली, एखाद्या पाहुण्यासमोर तिने त्याची चूक दाखवली, तर तो हसून ऐकून घ्यायचा. मग परतीच्या वाटेवर गाडीत काही न बोलता पाय दाबायचा. रस्त्याकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघायचा. "हळू," ती म्हणायची. "हळू ना. अहो, हळू." जितक्यांदा म्हणेल तितका वेग वाढायचा. लग्नानंतरच्या पहिल्या गाडीपासून हे असं होतं. गाड्या बदलत गेल्या, इंजिनं मोठी होत गेली.

तिचे वडील लासलगावला वारले त्या दुपारी घरी त्याचे परदेशी पाहुणे जेवायला होते. तिने ताटं अर्धी ठेवून पदर खोचला आणि निघायचं म्हणाली. तो उठला, पाहुण्यांची माफी मागितली, हीच गाडी काढली. निफाडच्या रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर लागले होते. त्यांच्यामधून त्याने गाडी अशी नेली की तिच्या समोरच्या पडद्यावरचे आकडे वाचायलाही मिळेनात. ती "हळू, हळू" म्हणत राहिली. तो एकदाच बोलला. "बापाचं तोंड बघायचंय ना? मग." गावाबाहेरच्या पेट्रोल पंपावर तिने साडीवरची ओकारी धुतली आणि ओल्या साडीनेच वडिलांच्या पायांशी जाऊन बसली. बाया म्हणाल्या, जावईबापूंनी किती वेळेवर आणलं.

आता पडद्यावरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला होता. रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचे दंडाचे मेसेज योगेशच्या फोनवर जायचे. मागच्या महिन्यात त्याने फोन करून विचारलं होतं, "आई, एवढ्या जोरात कोण चालवतं?" आणि ती म्हणाली होती, "बाबांना आवडतं."

पुढे लांबवर एक उतार होता आणि त्याच्या तळाशी डावं वळण. ललिताने पाय काढला नाही. स्टिअरिंगवरची गोल कळ तिच्या अंगठ्याखाली होती. तिने ती एक घर पुढे सरकवली. वळणात शिरताना तिच्या पाठीला कळलं, मागची चाकं किंचित सरकताहेत. तिने हात एक केसभर उलटा फिरवला. गाडी सावरली आणि वळणातून बाहेर पडली.

"ळू."

तिला वाटलं इंजिनचा आवाज आहे.

"ह... ळू."

तिचा पाय आपोआप उचलला गेला. वेग उतरत गेला आणि गाडी कडेच्या पट्ट्यावर थांबली. इंजिन धपापत राहिलं. ब्रेकचा जळका वास आत आला.

किशोरच्या कपाळावर घाम होता. ओठ एका बाजूला ओढलेले. डाव्या हाताची बोटं मुठीवर पांढरी पडली होती.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

त्याने तिच्याकडे मान वळवली. जीभ तोंडात धडपडली.

"हळू," तो म्हणाला. या वेळी स्पष्ट.

दीड वर्षात त्याचा पहिला शब्द. ललिताने पर्समधून फोन काढला. मोहिनीचं नाव समोर आलं. तिचा अंगठा त्याच्यावर आला आणि तिथेच थांबला. एक ट्रक गेला, त्याच्या वाऱ्याने गाडी हलली. किशोरचे डोळे भरून आले होते आणि एका बाजूने लाळ हनुवटीवर आली होती. तिने रुमालाने ती पुसली, तोंडाचा कोपराही पुसला, रोज पुसायची तसा.

मग तिने फोन परत पर्समध्ये ठेवला, आरशात मागचा रस्ता पाहिला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. पुढच्या फाट्यावरून ती नाशिकच्या दिशेला वळली. आकडा मघाशी होता तिथे पोचायला फार वेळ लागला नाही. किशोरने पुन्हा तोंड उघडलं नाही. तिला वाटलं होतं, एक दिवस असा आला की आत काहीतरी सुटेल, बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

घरी पोचल्यावर दोघींनी त्याला बाहेर काढलं. मैना सुरगाण्याकडची, कामाला आल्यापासून किशोरचं सगळं तीच बघायची. तिने त्याच्या पायजम्याला हात लावला आणि ललिताकडे पाहिलं.

"आजबी ओलं हाय."

"गाडीत उशीर होतो."

"बाकीचे दिवशी सांगतात ना ते. हातानं सांगतात. रविवारीच नाय सांगत." मैनाने चादर घेतली. जरा थांबून ती म्हणाली, "घाबरतात का काय, बाई?"

ललिताने गाडीची किल्ली देवघराशेजारच्या खुंटीला अडकवली.

"गरम पाणी घे," ती म्हणाली. "गार पाण्याने त्यांना शिरशिरी येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहिनी आली. खुर्ची खिडकीशी ओढून ती किशोरसमोर बसली आणि कार्डं मांडता मांडता तिने विचारलं, "काल गेला होतात ना फिरायला? काही आवाज? एखादा शब्द?"

ललिता दाराच्या चौकटीत उभी होती.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही."

किशोरची नजर खाली, स्वतःच्या मांडीवर होती.

"हरकत नाही. प्रयत्न करत राहायचं." मोहिनीने पहिलं कार्ड उचललं. पाण्याने भरलेला पेला. "काका, इकडे बघा. हे काय? पा... पा..."

किशोरचे ओठ जुळले. मोहिनी पुढे झुकली. त्याच्या गळ्याची शीर वर आली. आवाज अगदी ओठांपर्यंत आला असणार, कारण हनुवटी थरथरत होती.

त्याने मान वर केली. कार्डाच्या वरून, मोहिनीच्या खांद्यावरून, त्याने दाराकडे पाहिलं आणि ललिता काय म्हणते याची वाट बघत राहिला.