शिखरावरचे अनवाणी पाय

हिमालयातल्या शिबिरासाठी अख्ख्या शाळेतून माझी एकटीची निवड झाली. दोन दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. आई नाही म्हणेल, अशी भीती होती, पण ती म्हणाली, "जा की. फकस्त बिरोबापुढं शपथ घे. शिखरावर पोचलीस की बूट काढून हुबी ऱ्हाशील. मामावानी."

मामा म्हणजे सिद्धाप्पा, आईचा थोरला भाऊ. सांगोल्याकडं मेंढरं राखणारा हा पोरगा पलटणीत भरती झाला, बर्फाच्या डोंगरांवर गेला आणि तिथंच रमला. अवघड कड्यावर दोर बांधायचा असला की साहेब लोक त्यालाच पुढं घालत. पाच मोठी शिखरं त्यानं केली. पाचव्यावर, देवाच्या जागी पायताण कसं न्यायचं म्हणून, त्यानं बूट काढले. पुन्हा घालायला गेला तर थंडीनं बुटांचं लाकूड झालेलं. जोडीदारानं त्याला पाठीवर घेऊन खाली आणलं. पायांची सगळी बोटं गेली आणि डोंगरही सुटले. आता तो अक्कलकोट रोडला चादरीच्या कारखान्याच्या फाटकावर राखणीला बसतो, बुटांच्या टोकात चिंध्या कोंबून.

पण गावच्या जत्रेत त्याला दरसाल फेटा बांधतात. 'देवाला अनवाणी भेटलेला माणूस' म्हणतात. तेव्हा आईचा चेहरा बघावा.

"घेते की शपथ," मी म्हणाले. "एका मिनिटाचं तर काम."

मामा त्या दिवशी आमच्याकडंच जेवायला होता. त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "मायाक्का, पोरीकडनं असलं वदवून घिऊ नगं."

"का? तू न्हाय काढलंस बूट?"

"काढलं. देवानं मागितलं नव्हतं."

"असं बोलू नगं, आण्णा. लोकं तुझ्या पाया पडत्यात."

"जेवढं उरल्यात तेवढ्याच्या पडत्यात," मामा हसला.

आई हसली नाही. "मग तुझी बोटं फुकट गेली म्हण की."

मी मामाकडं बघत राहिले. त्यानं नुसतं 'न्हाय' म्हटलं असतं, तरी त्याचा फेटा, त्याचा मान, सगळं जागच्या जागी राहिलं असतं. आणि मी शपथ घेतली असती.

"व्हय," मामा म्हणाला. "फुकट गेली."

मामानं भाकरी संपवली, हात धुतले आणि भिंतीला धरून सावकाश बाहेर गेला. आईनं शपथेचं नाव पुन्हा काढलं नाही.

संध्याकाळी ती मला नव्या पेठेत घेऊन गेली. दुकानदार हसायला लागला, "अक्का, भर उन्हाळ्यात लोकरीचे मोजे?"

"पोरगी बर्फात चाललीया. जाड दावा."

त्यानं एक जोड पुढं टाकला. आईनं मोज्यात हात घातला, आतल्या आत पाची बोटं पसरली आणि कितीतरी वेळ तशीच बघत राहिली.