संत निकोलाच्या रात्री सासूवर धाड

वुकित्सा ट्रामच्या डेपोत गाड्या सोडायचं काम करायची. तिची पाळी सुटायची तेव्हा बेलग्रेडमधली शहाणी माणसं अंथरुणं घालत असत, आणि ती संगणकावर जो खेळ खेळायची, त्यातल्या मोठमोठ्या टोळ्यांची धाड निम्मी उरकलेली असे. अशा एका टोळीने तिला काही महिने सांभाळून घेतलं आणि मग काढून टाकलं. टोळीचा म्होरक्या जेमतेम मिसरूड फुटलेला. म्हणाला, "ताई, हात चांगला आहे तुमचा. पण तुम्ही येता तेव्हा आम्ही दात घासत असतो."

त्या रागातून 'तिसरी पाळी' जन्माला आली. खेळातल्या चौकात उभं राहून वुकित्साने हाळी दिली, की ज्यांना रात्री अकराच्या आत घरचा घास मिळत नाही, त्यांनी माझ्या टोळीत या. आली की माणसं. निशच्या इस्पितळातली नर्स झिवाना आली. झेमूनचा बसड्रायव्हर ओस्तोया आला, तो मोठी ढाल घेऊन सगळ्यांच्या पुढे उभा राही. पाव भाजणारे, राखणदार, आणि एक जण तर काय काम करतो ते सांगतच नसे, पण पहाटेपर्यंत टक्क जागा असे. कोणी कोणाचं तोंड पाहिलं नव्हतं. कानात नुसते आवाज. पण पहिल्याच रात्री वुकित्सा इतकी हसली, की शेजारणीने भिंत ठोकली.

खेळाचा नियम मात्र कडक. नव्या टोळीने महिन्याच्या आत एक मोठा राक्षस पाडायचा, आणि ज्या दहा जणांनी टोळी मांडली त्याच दहा जणांनी पाडायचा. नाही जमलं तर टोळी मोडली, नाव पुसलं, ज्याने त्याने आपल्या वाटेने जावं. वुकित्साला परत एकटीने जंगलात लांडगे मारत बसायचं नव्हतं. तेवढंच तिला नको होतं.

त्यांच्या वाट्याला आली ती दगडांची राणी. तिला सगळे सासू म्हणत, कारण ढालवाल्याने क्षणभर जरी तिच्यावरची नजर काढली तरी ती भडके आणि सगळ्यांना झोडपून काढी. महिनाभर तिने त्यांना झोडपलं. मरण्याचे जेवढे प्रकार या टोळीने शोधून काढले, तेवढे खेळ बनवणाऱ्यांनाही सुचले नसतील. एकदा ओस्तोयाला शिंक आली, भलतंच बटण दाबलं गेलं आणि तो पुलावरून खाली गेला. बाकीचे नऊ जण, हाच काहीतरी डाव असेल म्हणून, त्याच्यामागून गेले.

असं करत करत शेवटची रात्र उरली, आणि ती नेमकी संत निकोलाची. अर्ध्या देशाचा हा कुलसंत, आणि उरलेला अर्धा देश त्या अर्ध्याकडे जेवायला. या सणाला कोणी कोणाला बोलावत नाही आणि आलेल्याला कोणी जा म्हणत नाही. शेवटचा पाहुणा उठेपर्यंत यजमान बसत नाही. उभ्याने वाढतो, उभ्याने ओततो. टोळीतल्या चौघांच्या घरी सण होता. चौघांनीही छातीवर हात ठेवून सांगितलं, "अकरापर्यंत पाहुणे जातील." आणि वुकित्साने विश्वास ठेवला. अकराला उठलेला पाहुणा तिने जन्मात पाहिला नव्हता, ती स्वतः कधी उठली नव्हती, तरी ठेवला.

अकरा वाजले. नऊ जण राणीच्या दाराशी उभे. दहावा ओस्तोया, त्याचा आवाज आला तो कुजबुजत, पाण्याच्या नळासह.

"न्हाणीघरातून बोलतोय. कूम गायला लागलाय."

कूम म्हणजे लग्नाला साक्षीला उभा राहिलेला माणूस. सख्ख्या भावाला गप्प बस म्हणता येतं, कूमला नाही.

"कितवं गाणं?" झिवानाने विचारलं.

"पहिलं. पण त्याने कोट काढून ठेवलाय."

कोट काढला म्हणजे उजाडेपर्यंत निश्चिंती.

"ओस्तोया," वुकित्सा म्हणाली, "आज तुझ्या दारात कोणी आलं तर त्याला परत पाठवता येतं का तुला?"

"काहीतरीच काय बोलतेस? पाप लागेल."

"मग पत्ता सांग."

लॅपटॉप काखेत आणि जर्दाळूच्या दारूची, राकियाची, बाटली हातात घेऊन ती टॅक्सीत बसली. दार उघडलं एका किरकोळ, बुटक्या माणसाने. पांढरा शर्ट, टाय, हातात ट्रे.

"ओस्तोया आहे का?"

"मीच."

"तू? आवाजावरून मला वाटलं दरवाजाएवढा असशील."

"आणि मला वाटलं तू म्हातारी असशील. डाफरतेस तशी."

दोघांनी तीनदा गाल लावले आणि हसून हसून ट्रेमधली राकिया अर्धी सांडली. आत धूर, मेणाचा वास, तळलेला कार्प मासा आणि वीसेक माणसं. ओस्तोयाच्या बायकोने, स्लावेन्काने, आधी साखर-अक्रोडातल्या गव्हाचा चमचा वुकित्साच्या तोंडात घातला आणि मग विचारलं, "तू त्या रात्रीच्या बायकांपैकी का?"

"मी म्होरकी, वहिनी."

"मग बस बाई. मला वाटायचं हा एकटाच भिंतीशी बोलतो."

यजमानाला बसता येत नव्हतं, म्हणून ओस्तोयाचा लॅपटॉप उभ्याने हात पोचेल असा फ्रीझरच्या पेटीवर मांडला. शेजारी वुकित्साने आपला मांडला. बाकीचे तीन यजमानही, आपापल्या गावी, कोणी कपाटापाशी तर कोणी खिडकीत, असेच उभे होते. धाड सुरू झाली. राणी चांगली निम्म्यावर आली आणि मागून कूम रातोमिरचा आवाज आला. डॅन्यूब नदीवर मालवाहू बोट चालवण्यात हयात गेलेला माणूस, आवाज त्या काठावरून या काठावर जाणारा.

"यजमान, माझा रिकामा पेला काय बोलतोय ऐकलंस का?"

ओस्तोयाची मान वळली. सवयच ती. सासू भडकली आणि दहाच्या दहा जण आडवे झाले.

"पेला काय म्हणाला?" झिवानाने निशहून विचारलं.

पुन्हा उभे राहिले. या वेळी आत्याबाईंना मिठाची गरज लागली. पुन्हा आडवे. पहाटे महिन्याची मुदत संपणार होती आणि पाव भाजणाऱ्याला त्याच्या आधी भट्टी पेटवायची होती. आता एकच खेप उरली. वुकित्सा उठली आणि थेट कूमसमोर जाऊन उभी राहिली.

"कूम रातोमिर, तुम्हाला गप्प बसा म्हणायची माझी छाती नाही."

"मग काय म्हणायचंय, पोरी?"

"आम्ही दहा जण आहोत. रात्रीशिवाय आम्हाला वेळ नाही आणि एकमेकांशिवाय कोणी नाही. तुम्ही आता एक पेला मागितलात तर आमचं घर मोडतं."

कूमने पेला खाली ठेवला. उठून फ्रीझरपाशी गेला, चष्मा लावून राणीकडे बघत राहिला.

"ही कोण?"

"सासू," ओस्तोया म्हणाला.

"कोणाची?"

"सगळ्यांची."

"आणि तू तिच्याकडे बघत राहायचं, एवढंच?"

"एवढंच. पण पाहुण्यांकडे कोण बघणार?"

"सुकाणू हातात असताना कप्तान कधी कोणाला वाढत होता का?" कूमने ओस्तोयाच्या खांद्यावरचा टॉवेल ओढून स्वतःच्या खांद्यावर टाकला. "ही लढाई होईस्तोवर या घरचा यजमान मी."

आत्याबाई म्हणाल्या, असं कुठे असतं का. कूम म्हणाला, कूमने म्हटलं की असतं. आणि त्याने ट्रे उचलला.

मग जे झालं ते वुकित्सा पुढे कित्येक दिवस डेपोत सांगत होती. कूम ट्रे घेऊन फिरत होता आणि जो तोंड उघडेल त्याच्या तोंडात मासा घालत होता. हळूहळू सगळं घर फ्रीझरमागे गोळा झालं. राणीने किंकाळी फोडली की सगळ्यांनी डावीकडे सरकायचं असतं. तिसऱ्या किंकाळीपासून वीस पाहुणेही डावीकडे सरकायला लागले. आत्याबाई सगळ्यात आधी.

"झिवाना, ओस्तोयाला औषध."

"देतेय. त्याला सांग कमी मार खा."

"भट्टीवाल्या, मागे हो. मागे. अरे, तुझं मागे ते माझं पुढे आहे, उलटा जा."

"ओस्तोया, घाम पुसू का?" स्लावेन्का म्हणाली.

"हात लावू नकोस. बघतोय तिच्याकडे."

"माझ्याकडे कधी बघितलं नाहीस इतकं."

ओस्तोयाला हसू फुटलं. खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, पण नजर हलली नाही. सहा जण पडले, चार उरले. मग दोघंच उरले, ओस्तोया आणि तो काम न सांगणारा. त्या गड्याने शांतपणे शेवटचा बाण सोडला आणि राणी ढासळली.

घर एकदम दणाणलं. कानातले आठ आवाज आणि समोरची वीस माणसं एकाच वेळी ओरडत होती. वुकित्साला कोणीतरी उचललं. बघते तर आत्याबाई. पडद्यावर सोनेरी अक्षरं उमटली, 'तिसरी पाळी', आणि खाली दहा नावं. आता ती कोणी पुसू शकत नव्हतं.

खेळाने विचारलं, टोळीचं निशाण काय ठेवायचं? वुकित्साच्या मनात ट्राम होती. झिवानाला चंद्र हवा होता. भट्टीवाला म्हणाला, पाव, आणि लवकर ठरवा, माझं पीठ वर येतंय. तेवढ्यात कूमने दोघांच्या मधून हात घालून, कोणाला न विचारता, माशाच्या चित्रावर बोट ठेवलं.

"अहो कूम, हे बदलता येत नाही," वुकित्सा म्हणाली.

"कशाला बदलायचं?" तो म्हणाला. "बरं, पुढच्या सासूला कधी जायचं? मला तसाही डोळ्याला डोळा लागत नाही."