रक्ताचा रकाना

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. त्या मंगळवारी तो संबोधीवर निघाला.

आमचं काम सांगायला सोपं आहे. शरीरातल्या पेशी सहसा आपापल्या भिंती सांभाळून राहतात. मोजक्या ठिकाणी मात्र त्या भिंती मोडून एकमेकींत मिसळतात, जसं स्नायूंमध्ये, किंवा गर्भाला पोसणाऱ्या वारेमध्ये. हे मिसळणं घडवणारी प्रथिनं प्रत्येक जागेची वेगळी. कुठल्या अवयवात त्यांतलं कुठलं जनुक जागं आहे आणि कुठलं झोपलेलं, याचा तक्ता आम्ही शहराबाहेर सिमरोलच्या कॅम्पसवर दोन वर्षं भरत होतो. सिन्सिटिन हे वारेचं प्रथिन. जनुक जागं असलं की मशीनच्या स्क्रीनवर त्याची रेघ वर चढते; रक्ताच्या रकान्यात सिन्सिटिनची रेघ उठायलाच नको.

त्या दिवशी रक्ताच्या तीन नंबरच्या नळीत ती उठली.

"वारेचा नमुना सांडलास तू रक्तात!" मी सगळ्यांदेखत ओरडले. "पिपेट धरता येत नसेल तर घरी बस."

संबोधी आमची कंत्राटावरची सहायक, छावणीच्या महूची. आजोबा फौजेत होते, आणि हिच्या नळ्यांवरची लेबलंसुद्धा परेडला उभी केल्यासारखी सरळ असतात. "ताई, मी हर बार पिपेटची टिप बदलली," ती शांतपणे म्हणाली. "वार आणि रक्त तर अलग-अलग दिवशी केलंय. माझ्या हातून नाही सांडलं."

आमचे प्रमुख अच्युत सर दारातून ऐकत होते. संबोधीचं कंत्राट महिन्याअखेरीस संपत होतं. वाढवायचं की नाही, ते सरांच्या हातात होतं, आणि त्यांच्या कपाळावरची आठी मला दिसली.

तीन नंबरचं रक्त कोणाचं, हे कोणीच विचारलं नाही. निरोगी माणसाचं रक्त घ्यायचं तर समितीची परवानगी, फॉर्म, सही, असं सगळं लागतं. आमच्याकडे चहाच्या सुट्टीत जो हाताशी सापडेल त्याने बाही वर करायची, अशी पद्धत पडली होती. सर काणाडोळा करत. नावं फक्त माझ्या डायरीत असत.

संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी डायरी उघडली. तीन नंबर मीच होते.

रक्त दिलं तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. त्यानंतर पाच दिवसांनी गर्भचाचणीच्या किटवर दोन रेघा आल्या होत्या. वारेचे अंश आईच्या रक्तात उतरतात, हे मीच नव्या मुलांना शिकवते. ती रेघ माझ्या बाळाच्या वारेची होती; संबोधीने काही सांडलं नव्हतं. मला आधी वेड्यासारखा आनंद झाला, आणि बस राजवाड्याच्या स्टॉपपर्यंत पोहोचेस्तोवर लाज वाटायला लागली.

सकाळी सरांना खरं सांगून टाकावं, असं ठरवून मी बडा गणपतीजवळच्या आमच्या घरी शिरले. पण याआधी दोनदा मला दिवस गेले होते. दोन्ही वेळा दुसऱ्या महिन्यातच पेढे वाटले आणि दोन्ही वेळा पोटातलं गेलं. सासूबाईंनी माझ्या नवऱ्याला, उन्मेषला, आणि मला समोर बसवून बजावलं होतं, "इस बार तीन महिने पूरे होईस्तोवर कोणाला कानोकान खबर नको." मी डॉक्टरेट करणारी बाई, असल्या गोष्टींवर हसणारी. पण भीतीपुढे माझं शिक्षण गप्प बसलं. मी सरांना काही बोलले नाही.

संबोधी रोज येत होती, काम करत होती. माझ्याशी बोलायची ते फक्त कामापुरतं. मी तिची नजर चुकवत तीन महिन्यांचे दिवस मोजत राहिले.

चौथ्या आठवड्यात ती स्वतःच आली. "ताई, तीन नंबरवाल्याकडून ताजं रक्त मागवा ना. मी सरांसमोर करते. रेघ परत आली तर ती रक्तातच आहे, हे त्यांना मानावंच लागेल."

मला सुटल्यासारखं झालं. तोंड न उघडताच तिची सुटका होणार होती. मी कॅम्पसच्या दवाखान्यात रक्त काढून घेतलं आणि नुसता नंबर घातलेली नळी तिच्या हातात दिली.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं स्क्रीनसमोर उभे होतो. तुलनेसाठी लावलेली वारेची रेघ चढली. स्नायूंची आपल्या जागी चढली. तीन नंबरची शेवटपर्यंत सपाट राहिली.

"साफ आहे," सर म्हणाले. "म्हणजे तेव्हा सांडलंच होतं. संबोधी, मला वाटतं आता तुम्ही दुसरीकडे बघा."

संबोधी स्क्रीनकडे बघत राहिली. माझ्या पोटात ना कळ आली होती, ना रक्त गेलं होतं, तरी माझ्या रक्तातली वारेची खूण पुसली गेली होती. सकाळी सासूबाईंनी डब्यात जास्तीचं तूप घातलं होतं. सोमवारी सोनोग्राफी होती. त्या खोलीत ती सपाट रेघ वाचता येणारी मी एकटीच होते, आणि गप्प राहिले असते तर कोणालाही कधी कळलं नसतं.

"सर, तिच्याकडून काही सांडलं नव्हतं," मी म्हणाले. "तीन नंबर मी आहे. मला दिवस गेलेत. पहिल्या नळीत जे आलं ते खरं होतं, आणि मला ते त्याच दिवशी कळलं होतं."

सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, आणि खाली बघून खुर्ची शोधायला लागले.

संबोधी आता चिडेल, असं मला वाटलं. चिडायचा तिचा हक्क होता. पण तिने खोक्यातून नवे हातमोजे काढले आणि उरलेल्या रक्ताची नळी उचलली. महिनाभर तिने स्वतःची चूक मानली नव्हती.

"ताई, आज माझ्याच हातून गडबड झाली असेल," ती म्हणाली. "मी परत लावते."

तिचा हात किती पक्का आहे, हे मला माहीत होतं. तरी मी तिला लावू दिलं.