नाल्यापलीकडचे तीन ठिपके

गावाचं नाव मी सांगणार नाही. बीदर जिल्ह्यातल्या औराद तालुक्यात, चिंताकीच्या वाटेवर आहे, एवढं पुरे. नाव सांगितलं की बाकीच्या गावांना वाटतं, चला, आपण सुटलो.

२००९ सालच्या मार्चातली सकाळ. जगदेवी चुलीपुढं भाकरी थापत होती आणि तिची लेक मंगल उंबऱ्यावर बसून हातातल्या यंत्रात सेल घालत होती. मोबाइलपेक्षा जरा जाडं, पिवळं यंत्र. उपग्रहांकडून खूण घेऊन ते माणूस जमिनीवर नेमका कुठं उभा आहे ते सांगतं. बाप गुंडाप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून दाखवत होते, "बगा, माझी लेक आबाळाशी बोलायलीय!"

गुंडाप्पांचं घराणं मेंढरं राखणारं. आता थोडी शेती, आणि पंचायतीचं सदस्यपद. बीदरला बीएस्सी झाल्यावर पोरगी म्हणाली, हैदराबादला जाऊन जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशे शिकते, तेव्हा भावकी तुटून पडली होती. "नकाशे शिकून काय करायलीय? नवऱ्याचं घर घावंना का तिला?" गुंडाप्पांनी कुणाचं ऐकलं नाही. चांगल्या दहा मेंढ्या विकल्या आणि पोरीला होस्टेलच्या दारापर्यंत स्वतः सोडून आले. असा बाप लाखात एक. म्हणून तर पुढचं लिहिताना माझं डोकं फिरतं.

मंगल दोन वर्षं शिकली. संगणकात गावाचा नकाशा घ्यायचा, प्रत्येक विहिरीचा, हापशाचा, घरांच्या पुंजक्याचा ठिपका त्यावर टाकायचा, ठिपक्यामागं माहिती भरायची: घरं किती, पाणी किती महिने. मग टाकी कुठं बांधावी, पाइप कुठून न्यावा हे नकाशाच सुचवतो. शिकवणारे माणिकराव सर भालकीकडचे होते. पहिल्याच दिवशी म्हणाले, "पोरांनो, बघितल्याबिगर ठिपका टाकायचा न्हाई, आन् बघितल्याबिगर खोडायचा बी न्हाई. बाकी समदं मशिन शिकवतंय." पुढं एका खासगी कंपनीत तिला नोकरी लागली, आणि तालुक्याच्या पाणीयोजनेच्या पाहणीत तिचं स्वतःचंच गाव तिच्या वाट्याला आलं.

त्या मार्चातल्या दिवशी दुपारपर्यंत गावातली पाहणी झाली. मग ती नाल्यापलीकडं निघाली. तिथं चाळीस घरं. शेकडो वर्षं गावानं ज्यांना विहिरीला शिवू दिलं नाही, त्यांची. गावातली माणसं त्या वस्तीला नावानंही हाक मारत नाहीत, नुसतं 'पलीकडं' म्हणतात. चोवीस वर्षांची मंगल त्या दिवशी पहिल्यांदा नाला ओलांडून गेली. शिकलेली पोर, पण तिला याची लाजसुद्धा तिथं पोचल्यावरच वाटली.

लक्ष्मम्मा नावाची पन्नाशीची बाई तिच्याबरोबर उन्हातान्हात हिंडली. आधी पडकी पायऱ्यांची विहीर, मग बंद पडलेला हापसा, मग घरं.

"ह्यात आमची हिर दिसंल का बाई?"

"दिसंल की अक्का. जरा दम धरा, आबाळ गावू द्या त्याला."

पडद्यावर ठिपका उमटला. लक्ष्मम्मा वाकून बघत म्हणाली, "आगं बया, येवढीच?" आणि तोंडाला पदर लावून हसली. असे तीन ठिपके पडले.

हैदराबादला मंगलनं उंची-उतार आणि घरं मांडली, तेव्हा टाकीची जागा आली नाल्यापलीकडच्या माळावर. उंच जागा, सगळ्या घरांना सारखी जवळ. कच्चा नकाशा पंचायतीकडं गेला. चौथ्या दिवशी गुंडाप्पांचा फोन आला.

"मंगल, त्ये पलीकडचे तीन ठिपके काढून टाक."

"कामून अप्पा?"

"त्यास्नी येगळी टाकी मंजूर झालीया. कागद मी सवता बघितलाय. एका वस्तीला दोनदा कामून? दुसऱ्या गावाला मिळंल की."

मंगलला सरांचं वाक्य आठवलं. गावाला बसनं अर्ध्या दिवसाची वाट, जाऊन बघता आलं असतं. पण बापानं बघितलंय म्हटल्यावर लेकीनं काय बघायचं? तिनं तीन ठिपके खोडले. टाकी आपोआप माळावरून सरकली आणि मारुतीच्या देवळामागं आली. पक्क्या नकाशाच्या कोपऱ्यात तिचं नाव छापलं गेलं. तो नकाशा गुंडाप्पांनी पंचायतीच्या भिंतीवर लावला.

दोन वर्षांनी, २०११च्या मार्चात, मंगल दुसऱ्या कामासाठी औरादला आली आणि रविवारी घरी गेली. अंगणात नळ. जगदेवी हंडा भरत होती, तोंडभर हसत होती.

"माय, पलीकडची टाकी कुठं बांधलीय?"

"कसली टाकी?" जगदेवी म्हणाली. मग लेकीचा चेहरा बघून आवाज उतरला. "पलीकडं काय बी न्हाई बाई. ती लक्ष्मम्मा मागल्या म्हयन्यात हिरीच्या पायऱ्यावरनं पडली. खुबा मोडला तिचा. पडूनच हाय."

पिशवी तशीच खांद्याला, मंगल नाल्याकडं निघाली.

लक्ष्मम्मा दारातल्या बाजेवर पडली होती. मंगलला ओळखून तिनं उठायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

"बाई, मशिन बिघडली व्हती का तुमची?" तिनं विचारलं, अगदी मऊपणानं. "मी समद्यास्नी सांगायले, मंगलबाईनं लिवलं व्हतं, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. मशिनच बिघडली आसंल."

मंगलनं नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर ती सुटली असती. लक्ष्मम्मानं पळवाट हातात आणून दिली होती.

"न्हाई अक्का. मशिन चांगली व्हती. मी खोडलं."

"कुनी सांगितलं?"

"अप्पांनी."

लक्ष्मम्मानं तोंड भिंतीकडं फिरवलं. तशीच म्हणाली, "मशिन बिघडली आसती तर बरं झालं आसतं बाई."

घरी गुंडाप्पा जेवायला बसले होते. मंगलनं उभ्याउभ्याच विचारलं, "अप्पा, येगळ्या टाकीचा कागद दावा मला."

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "कागद न्हाई," ते म्हणाले. "त्या माळावरच्या टाकीचं पानी गाव पेलं नसतं. पलीकडच्यांच्या दारातली टाकी! समदे माझ्यावर उठले, तुझीच लेक हाय, तूच सांग म्हनले. मला गावात ऱ्हायाचंय पोरी. पाण्यात राहून माशाशी वैर करावं का?"

"म्हनून माझ्या हातानं खोडून घेतलं?"

"तुज्याबिगर कुनाच्या हातात व्हतं?"

हे ऐकलं आणि मंगल रडली. भावकीपुढं छाती काढून उभा राहिलेला हाच बाप! "आज्याला पाटलाच्या हिरीवर चढू देत नव्हते, वरनं ओंजळीत पानी वतायचे. तुमीच सांगत व्हता ना, डोळ्यात पानी आणून? मग इसरलाव कसं? तुमच्यामुळं मी नकाशा शिकले अप्पा, आन् खोटा नकाशा बी तुमच्यामुळंच काढला. जगात दुसऱ्या कुनी फसवलं आसतं तर सोसलं आसतं मी."

तिनं वहीची पानं फाडून तिथंच दोन पत्रं लिहिली, एक कंपनीला, एक जिल्हा कचेरीला. तीन ठिपके मी खोडले. न बघता खोडले. वडिलांच्या सांगण्यावरून खोडले. फेरपाहणी करा. खाली तिची सही.

"नोकरी जाईल तुझी," गुंडाप्पा म्हणाले. "आन् माझं नाव घालू नगंस. माझी आब्रू..."

"आधी माझं नाव हाय, मग तुमचं," मंगल म्हणाली. पिशवीतलं यंत्र काढून ती परत निघाली.

गुंडाप्पा उष्ट्या हातानंच तिच्यामागं धावले. नाल्याच्या काठाशी मात्र त्यांचे पाय थांबले. मंगल पलीकडं विहिरीजवळ पोचली होती.

"मंगल, माघारी ये!"

"तुमी हिकडं या अप्पा! हितं उभं ऱ्हाऊन बगा!"

ते आले नाहीत. मंगल यंत्र धरून उभी राहिली. पहिला ठिपका पडला.

मंगलची नोकरी गेली. ती आता औरादला एका खोलीत राहते, मिळेल ते पाहणीचं काम करते आणि दर सोमवारी बीदरच्या कचेरीत जाऊन बसते. फेरपाहणीचा हुकूम निघाला आहे, टाकी अजून नाही. लक्ष्मम्मा काठी घेऊन चालते. तो नाला उन्हाळ्यात कोरडा असतो, चार पावलांचा. मी हे लिहीपर्यंत गुंडाप्पांनी तो ओलांडलेला नाही. तुमच्या गावचा किती पावलांचा आहे, ते तुम्ही जाऊन बघा.