दाभणाच्या खुणा

"हे कागद कुणी उसवलेत?" दाभणकाकूंनी विचारलं आणि माझा चहाचा पेला तोंडापाशीच थांबला.

दुरुस्ती विभागाच्या लांब टेबलावर आठ जुने कागद ओळीनं मांडले होते. त्यातला एक काकूंनी खिडकीच्या उजेडात धरला होता आणि त्याच्या डाव्या कडेची भोकं त्या बोटानं मोजत होत्या. पाच भोकं. समोर ती संशोधन करणारी मुलगी उभी होती. गेले सात महिने ती आमच्या दप्तरखान्यात रोज येत होती आणि मी कुलूप लावायला उठलो की मगच जात होती.

"उसवलेत म्हणजे?" मुलगी म्हणाली. "हे सुटेच आहेत ना? यादीत तसंच लिहिलंय."

"सुट्या कागदाला भोकं पडत नाहीत, बाळ. हे कशात तरी शिवलेले होते." काकूंनी कागद हळूच खाली ठेवला. "आज राहू देत माझ्याकडे. उद्या ये."

मी वाचनकक्षाचा कारकून. कोणी काय मागितलं, कधी परत केलं ते लिहायचं आणि बोलणाऱ्यांकडे डोळे वटारायचे, एवढंच माझं काम. काकू पुस्तकं आणि दप्तरं शिवायच्या. अंबाड्यात कायम दाभण खोचलेलं असायचं म्हणून हे नाव पडलं. नव्या संचालकांनी पहिल्या दिवशी त्यांना खऱ्या नावानं हाक मारली, तेव्हा त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

मुलीचं दुखणं मला ठाऊक होतं. आमच्या नगरसभेच्या दर्शनी भिंतीवर सोळा कलमं कोरलेली आहेत. धक्क्यावर कोणाची नौका आधी लागेल, माल किती दिवस ठेवता येईल, भांडण झालं तर पंच कोण, असे ते दोनशे वर्षांपूर्वीचे नियम. गावाला त्यांचा भारी अभिमान. एका मोठ्या प्राध्यापकांनी त्यांच्यावर उशीएवढा ग्रंथ लिहिला होता. त्यांचं म्हणणं असं की, समुद्रापलीकडून आलेल्या नावाड्यांच्या वस्तीला ही शिस्त नगरसभेनं लावली. राज्य करणाऱ्यांनी सांगितलं आणि आलेल्यांनी मुकाट्यानं ऐकलं.

मुलगी म्हणत होती, उलट झालं. नावाड्यांची भाषा तिला यायची, कारण तिची आजी घरात तीच बोलायची. त्या भाषेतले आठ अर्ज तिला आमच्याकडे सापडले होते. प्रत्येकात दोन दोन नियम, म्हणजे सगळे मिळून सोळा, शब्दाला शब्द तेच. पण अर्जांवर तारीख नव्हती. प्राध्यापकांनी ते पाहिले आणि हसून म्हणाले, "ही भाषांतरं आहेत. नावाड्यांना नियम कळावेत म्हणून केलेली." आठ दिवसांनी आमच्याच सभागृहात चर्चासत्र होतं. तिथे सिद्ध करता आलं नाही तर विषय बदला, असं तिला स्पष्ट सांगण्यात आलं होतं. सात महिने पाण्यात जायची वेळ आली होती.

मुलगी गेल्यावर काकू मला म्हणाल्या, "नगरसभेच्या आदेशांचं दप्तर काढा. धक्क्याचं."

"आत्ता? जेवायची वेळ झाली."

"काढा म्हटलं ना."

मी कुरकुरत काढलं. काकूंनी त्यातले त्या सोळा कलमांचे आठ आदेश निवडले आणि एक आदेश एका अर्जावर ठेवला. पाचही भोकं जुळली. तिसरं भोक दोन्हीकडे जरासं बाहेर घसरलेलं होतं. शिवताना कुणाचा तरी हात चुकला होता आणि ती चूक दोन्ही कागदांवर सारखीच उमटली होती. मग काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर सरकवला आणि स्टुलावर बसल्या.

"आठवतंय?" त्या म्हणाल्या.

मला आठवत होतं. न आठवायला काय झालं! एकतीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच महिन्यात इथे लागलो. तेव्हाच्या साहेबांना व्यवस्थेचा ध्यास. "एकाच दप्तरात दोन दोन भाषा? काय खिचडी लावलीय! भाषेप्रमाणे वेगळं करा सगळं." काकू तेव्हा नव्या, हात शिवशिवत होते. त्यांनी ब्लेड घेतलं आणि आठ दिवसांत अख्खं कपाट उसवून काढलं. मी नव्या दप्तरांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या चिकटवल्या. उसवण्याआधी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं आकडा टाकायचा असतो, म्हणजे कोणता कशावर होता ते हरवत नाही. हे काकू पुढे शिकल्या. तेव्हा त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. त्या कामाबद्दल त्यांना उत्कृष्ट कर्मचारी म्हणून प्रशस्तिपत्रक मिळालं. ते अजून त्यांच्या टेबलामागे चौकटीत लटकत होतं.

"म्हणजे त्या मुलीचा पुरावा मी माझ्या हातानं कापून फेकला," काकू म्हणाल्या.

"हळू बोला हो!" मी दार लोटून घेतलं. "दोन महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. एकतीस वर्षांत एक डाग नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. भोकं जुळतात एवढं त्या मुलीला सांगा, कुणी उसवलं ते कशाला?"

"लोक विचारतीलच ना, उसवलं कुणी आणि परत का नाही शिवलं म्हणून."

"विचारू देत. जुनी माणसं गेली म्हणायचं."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी माझा पेला उचलून निघालो. खोटं कशाला बोलू, मला त्यांची काळजी होती त्याहून माझी जास्त होती. चिठ्ठ्यांवर अक्षर माझं होतं आणि माझी नोकरी अजून वर्षभर बाकी होती.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या त्या मनावरचं ओझं घरी ठेवूनच. त्यांचे यजमान शिंपी. कोपऱ्यावर त्यांचं एका खोलीचं दुकान आहे.

"ह्यांना सांगितलं रात्री जेवताना," काकू म्हणाल्या. "मला वाटलं, ते समजूत घालतील. तर म्हणाले, चुकीच्या टाक्यावर इस्त्री फिरवून गिऱ्हाइकाला देता येतं, पण ते आरशासमोर उभं राहिलं की दिसतंच. तू उसवलंस ना? मग तूच शिव."

"त्यांचं काय जातं म्हणायला!"

"माझंच जातंय. ते मी बघते. तुमचं नाव मी घेणार नाही, निश्चिंत राहा."

मी निश्चिंत राहिलो नाही. माणसाला कुणी एवढ्या सरळपणे सोडून दिलं की जास्तच टोचतं. त्यानंतरचे सहा दिवस काकू आणि ती मुलगी दार लावून बसत. आत काय चाललंय ते मी विचारलं नाही. एकदा मात्र मुलगी डोळे पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "काकूंनी मला सगळं सांगितलं. मी रागवायला हवं होतं ना? मला येईचना राग."

चर्चासत्राला सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत प्राध्यापक, शेजारी आमचे संचालक. शेवटच्या रांगेत काकू आणि त्यांचे यजमान. ते दुकानातून तसेच उठून आले होते आणि मोजपट्टी गळ्यातच राहिली होती.

मुलगी चांगली बोलली. अर्ज आणि आदेश एकाच दप्तरात होते इथपर्यंत तिनं आणलं. प्राध्यापकांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, फक्त तीस वर्षं कुणी त्यांना अडवलं नव्हतं.

"एकत्र होते हे मान्य करू," ते म्हणाले. "आदेशाचं भाषांतर आदेशापाशीच ठेवणार ना? प्रश्न आहे, आधी कोणतं? तारीख नाही. मग कशावरून?"

मुलीनं मागे पाहिलं. काकू उठल्या.

"मी सांगते, सर. मी इथे कागद शिवते. पण त्याआधी एक सांगायचंय." त्यांचा आवाज पहिल्या वाक्याला कापला, दुसऱ्याला नाही. "हे दप्तर एकतीस वर्षांपूर्वी मी उसवलं. आकडे न टाकता उसवलं. ते तसं झालं नसतं तर तुम्हाला ग्रंथ लिहितानाच सगळं दिसलं असतं. चूक माझी आहे."

संचालक गर्रकन वळले. "हे कुणाच्या सांगण्यावरून केलंत?"

"हात माझे होते," काकू म्हणाल्या.

सभागृहात कुजबुज सुरू झाली. दारापाशी उभं राहून शांतता राखायचं काम माझं. त्याऐवजी माझ्याच तोंडून शब्द बाहेर पडले. "चिठ्ठ्या माझ्या अक्षरात आहेत, साहेब. मीही होतो." बोलून टाकल्यावर इतकं हलकं वाटलं की मी एक रिकामी खुर्ची ओढून बसून घेतलं.

"भोकं जुळतात हे नुसतं नजरेनं सांगू नका," प्राध्यापक म्हणाले. आता ते पुढे झुकले होते. "मोजून दाखवा."

मागून यजमान उठले. गळ्यातली मोजपट्टी काढत ते रांगांमधून पुढे आले आणि एकेका कागदावर पट्टी धरून मापं म्हणत गेले, गिऱ्हाइकाची बाही मोजावी तसे. सोळाही कागदांवर पाच आकडे तेच. सहाव्या कागदानंतर मापं प्राध्यापकच आधी म्हणू लागले.

"आता कोणता कशावर होता ते," काकू म्हणाल्या. "हे बघा, कसरीनं, कागदातल्या किडीनं, खाल्लंय. या कागदावर मटाराएवढं भोक, या शेवटच्यावर मोहरीएवढं. मधल्यांत एकेकाला कमी होत जातं. आदेश वेगळे आणि अर्ज वेगळे लावले तर ही उतरंड मध्येच तुटते. एकाआड एक लावले की नीट बसते. आदेश, अर्ज, आदेश, अर्ज. कसरीला भाषा कळत नाही, सर. समोर येईल ते खात गेली."

कुणीतरी हसलं. प्राध्यापक हसले नाहीत.

"पण वर कोणता आणि खाली कोणता? दप्तर उलटं धरलं तर?"

"गाठ नेहमी वरच्या कागदावर येते. तिचा खड्डा इथे, मटाराएवढ्या भोकाच्या आदेशावर. बोट फिरवून बघा. म्हणजे वर आदेश आणि सगळ्यात खाली अर्ज. आणि त्या काळच्या कचेरीत आधी आलेला कागद खाली, त्यावरचं उत्तर वर, असा नियम होता."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच, सर. तुमच्या ग्रंथात, तिसऱ्या प्रकरणात आहे. आमच्याकडची प्रत मी बांधलीय. बांधते ते मी वाचते."

सभागृह असं हसलं की मला शांत राहा म्हणावंसंही वाटलं नाही. काकूंनी सोळा कागदांची चळत सारखी केली, कडेला धरली आणि अंबाड्यातलं दाभण काढलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी श्वास रोखला. काकूंनी दाभण पहिल्या भोकावर धरलं आणि दाबलं नाही, नुसतं सोडलं. ते सोळाही कागदांतून आपल्या वजनानं खाली उतरलं. मग दुसऱ्या भोकातून. मग तिसऱ्या, त्या घसरलेल्या भोकातूनही. दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा कारकुनाचा हात जिथे चुकला होता, तिथूनच काकूंचं दाभण अलगद गेलं.

प्राध्यापकांनी चष्मा काढला. खिशातून रुमाल काढून तो बराच वेळ पुसला.

"मागितलं ते नावाड्यांनी," ते अखेर म्हणाले. "नियम त्यांचे होते. आमच्या लोकांनी ते ऐकले आणि आपले म्हणून भिंतीवर कोरले. ऐकून घेतलं, हेही काही कमी नाही म्हणा." मग ते मुलीकडे वळले. "प्रबंध पूर्ण करा. माझं तिसरं प्रकरण राहील. बाकीचं मला पुन्हा लिहायला हवं, आणि तेव्हा तुम्ही शेजारी बसून मला ती भाषा शिकवा."

मुलीनं पळत येऊन काकूंना मिठी मारली. टाळ्यांचा कडकडाट झाला. यजमान मोजपट्टीची गुंडाळी करत इकडेतिकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी लपवायचं त्यांना काही जमत नव्हतं. मलाही नाही जमलं. एवढा आनंद मला माझ्या स्वतःच्या बढतीचा झाला नव्हता.

संचालकांनी दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना बोलावलं. मी मनातल्या मनात राजीनामा लिहूनच गेलो. ते म्हणाले, "त्या कपाटातली बाकीची दप्तरं किती दिवसांत परत शिवून होतील?" काकू म्हणाल्या, "दोन महिन्यांत." आणि त्या दोन महिन्यांत मी सुद्धा कागद लावायला बसलो, भोकाला भोक, कसरीला कसर.

सगळ्यात आधी शिवलं ते धक्क्याचं दप्तर, पण कुणी काय काम केलं त्याची चिठ्ठी त्यात लावायची शेवटपर्यंत राहिली होती. निवृत्तीच्या दिवशी निरोपाचं भाषण टाळून काकू टेबलाशी बसल्या होत्या. मागच्या भिंतीवर प्रशस्तिपत्रकाच्या जागी नुसता खिळा होता. त्यांनी चिठ्ठीवर दोन रकाने आखले. पहिल्यात लिहिलं, 'उसवलं', आणि खाली सही केली. दुसऱ्यात लिहिलं, 'शिवलं', आणि खाली तीच सही केली.

मी त्यांच्या हातातून पेन घेतलं, पट्टी मागितली आणि शेजारी तिसरा रकाना आखला. 'चिठ्ठ्या लिहिल्या'. त्याखाली मी सही करत असताना काकूंनी दाभण तेलाच्या फडक्यानं पुसून टेबलाच्या खणात ठेवलं आणि अंबाडा सोडून पुन्हा बांधला.