रिकाम्या माळाचा फोटो

मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. तीन पायांचा आणि स्वभावाने पक्का संशयी. तो माझा दोष नाही, कामच तसे आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन उभे राहायचे तर पायाखालची जमीन आधी चाचपावी लागते. मुरूम सरकतो, काळी माती भेगाळते, आणि वरवर घट्ट दिसणारा दगड नेमका वेळेला हलतो. म्हणून मी कुणावर एकदम भरवसा ठेवत नाही.

माझी सुरुवातीची वर्षे सोलापुरात लग्नाच्या मांडवात गेली. अक्षता सांध्यांत अडकायच्या आणि वऱ्हाडी मला अडखळून मलाच शिव्या द्यायचे. पुढे एक पाय सैल झाला, तसे माझ्या फोटोग्राफर मालकाने मला अडगळीत टाकले. तिथून राजश्रीताईंनी मला उचलले आणि नवा स्क्रू बसवला. त्या शहरातल्या जुळे सोलापूर भागात राहतात, आठवडाभर कचेरीत असतात आणि रविवार उजाडला की मला स्कूटरला बांधून निघतात. किल्ल्याचे बुरूज, तळ्यावरचे पक्षी, मंगळवेढ्याकडची जुनी देवळे, खूप काही पाहिले आम्ही. "हा आहे म्हणून फोटो हलत नाही," असे त्या सगळ्यांना सांगायच्या आणि मी आतून फुगायचो.

ताईंची एक खोड मात्र होती. त्यांना फोटो 'स्वच्छ' हवा असे. बुरुजावर कुणी बसले असेल, देवळापुढे कुणी कपडे वाळत घातले असतील, तर त्या गोड आवाजात म्हणायच्या, "जरा बाजूला होता का?" लोकही हसत बाजूला व्हायचे. फोटो काढणाऱ्या बहुतेकांना ही सवय असतेच.

मग आमच्या भटकंतीत दिपक नावाचा एक गृहस्थ येऊ लागला. गळ्यात भारी कॅमेरा, पण त्याचे झाकण काही निघायचे नाही. खोकड जातीचा कोल्हा दिसला तरी याला उत्साह नाही, चंडोल गाऊ लागला तरी नाही. मंगळवेढ्यापलीकडच्या एका गावाच्या गायरानावर तो आम्हाला घेऊन गेला आणि म्हणाला, "ताई, असा मोकळा माळ काढा. एकही जनावर नको, माणूस नको. प्रदर्शनात लावू." माझ्या मनात तेव्हाच शंकेची पाल चुकचुकली. पण ट्रायपॉडला विचारतो कोण!

माळावर तानाबाई मेंढरे चारत होत्या. ताईंनी त्यांना हात केला. "मावशी, मेंढरं तेवढी टेकाडामागं घ्या की!" तानाबाई कुरकुरत गेल्या. फोटो देखणा आला. वर निळे आभाळ, खाली पिवळे गवत, कडेला टेकाड, बाकी काही नाही. दिपकने तो लगेच मागून घेतला, आणि त्यानंतर तो काही फिरकला नाही.

काही आठवड्यांनी आम्ही दोघेच त्या माळावर गेलो. ताईंनी मला उभे करताच तानाबाई तरातरा आल्या.

"काय मोजतीस गं बाई?"

"मोजत नाही मावशी, फोटो काढते."

"शेजारच्या गावात असलंच तीन पायाचं घिऊन मोजनीवाले आलते. मागनं तारंचं कुंपान घातलं. आता तितं मेंढरू शिरत न्हाय. ह्यो एकच माळ ऱ्हायलाय आमाला."

"अहो, ते यंत्र वेगळं असतं. मला तुमच्या जमिनीचं काय करायचंय?"

"मग माजी मेंढरं कशापायी हाकलतीस?"

ताई घाईने कॅमेरा पिशवीत ठेवू लागल्या. तेवढ्यात तानाबाईंनी मला काखोटीला मारले. "परवा ग्रामसभा हाय. मोजत न्हाय म्हून तितं यिऊन समद्यांम्होरं सांग, मग ने." ताई पुढे सरसावल्या, तसा मेंढरांमागचा कुत्रा गुरगुरला. 'चोर बाई आहे,' असे पुटपुटत ताई स्कूटरकडे वळल्या.

तानाबाईंच्या झोपडीपुढे माझे पाय ताणून माझ्यावर ओले घोंगडे वाळत टाकले गेले. काय हे दिवस! येता-जाता त्या डोळे बारीक करून माझ्याकडे बघायच्या, जणू पाठ वळताच मी माळ मोजायला पळणार होतो. मीही त्यांच्यावर नजर ठेवून होतो. पण त्या एकेका मेंढीला नावाने हाक मारायच्या, आणि नवऱ्याला पुन्हा पुन्हा विचारायच्या, "माळ गेला तर कुटं जायाचं वो?" मला फार वाईट वाटले.

मारुतीच्या देवळापुढे ग्रामसभा भरली. तानाबाई मला घेऊन पुढेच बसल्या. ताईही रजा टाकून आल्या होत्या. एका कंपनीचा साहेब बोलत होता, "हे गायरान पडीक आहे, कुणाच्या उपयोगाचं नाही. इथं सौर पॅनेल बसले तर गावाचा फायदाच आहे." त्याच्या मागे भला मोठा फ्लेक्स होता. आभाळ, गवत, टेकाड, बाकी काही नाही. आणि फ्लेक्सची दोरी बांधत होता आपला दिपक!

तानाबाई उठून फ्लेक्सजवळ गेल्या. "ह्ये आपलंच टेकाड की! मग ह्यात माजी मेंढरं कुटं हायती?"

साहेब हसला. "फोटोत आहे तेच खरं, आजी."

ताईंचा चेहरा उतरला. दिपकने त्यांना गप्प बसायची खूण केली. ती पाहून त्या ताडकन उभ्या राहिल्या. "हा फोटो मी काढलाय. मेंढरं तिथंच चरत होती. मीच ती टेकाडामागं घ्यायला लावली." मेंढरे हटण्याआधी चाचणीला काढलेले फोटो कॅमेऱ्यात होते. तो कॅमेरा हातोहात सभेत फिरला आणि एकच गलका झाला. सरपंचांनी गायरान कंपनीला देण्याचा ठराव पुढच्या सभेपर्यंत थांबवला. माळ वाचला असे नाही, मित्रांनो. पण त्या दिवशी तो गेला नाही.

मग तानाबाईंनी मला परत दिले का? छे! "आदी फोटू काड. माज्यासमोर."

आम्ही सगळे माळावर गेलो. मी पाय रोवले, मेंढरे पसरली, फोटो निघाला. तानाबाईंनी पडद्यावर बोट ठेवून एकेक मेंढरू मोजले, पुन्हा मोजले, आणि ताईंकडे रोखून पाहिले. "बोरी न्हाय ह्यात. कुटं घालवलीस?"

बोरी नावाची ती मेंढी झुडपामागे गेली होती.

"परत काड," तानाबाई म्हणाल्या. ताईंनी मुकाट्याने परत काढला.

मित्रांनो, आम्हा ट्रायपॉडांचे पाय पुसत जा, स्क्रू आवळत जा, एवढे मागणे तर आहेच. पण भटकायला जाल तिथला फोटो आधी तिथल्या माणसाला दाखवा. त्यात एक मेंढरू कमी आहे असे तो म्हणाला, तर चिडू नका. परत काढा.