खळ्यावरच्या चपला

चपला बाहेर काढल्यात ना? मग या, बसा. मी रबाळ्याचं खळं बोलतोय.

बागेला कोण खळं म्हणतं, असं म्हणाल. म्हणा बापडे! पण माझा जन्म भाताच्या मळणीसाठी झाला. यशोदाबाईचा सासरा मला पाणी मारून चोपायचा आणि यशोदाबाई, तेव्हाची नवी सून, शेणाने सारवायची. माझ्यावर भाताची रास पडली की पायात काही घालून यायची कुणाची बिशाद नव्हती. धान्य म्हणजे लक्ष्मी! यशोदाबाईच्या धाकट्या धर्मराजने एकदा चप्पल घालून उडी मारली, तर पोराच्या पाठीवर आईची पाचही बोटं उमटली होती.

मग नवं शहर आलं. शेतं गेली, तिथे कारखाने आणि सोसायट्या उभ्या राहिल्या. नकाशात मी तेवढा मोकळा भूखंड म्हणून उरलो. भात नाही, सारवण नाही, उलट लोक माझ्यावर राडारोडा ओतू लागले. खरं सांगतो, फार वाईट वाटायचं. यशोदाबाई मात्र रोज घमेलं घेऊन यायची, जमेल तेवढा उचलायची, मळणीचे बैल ज्याभोवती फिरायचे त्या माझ्या मधल्या खांबाला हळदकुंकू लावायची आणि कुणी चप्पल घालून आलं की त्याची अशी हजेरी घ्यायची की विचारू नका.

एका संध्याकाळी एक धिप्पाड गडी आला. कोंडिबा, साताऱ्याकडचा, मार्केटात पाठीवर पोती वाहणारा. यशोदाबाई तोंड उघडणार, तोच मळणीचा खांब पाहून गडी कडेलाच थांबला आणि त्याने चपला काढल्या.

"आमच्याकडंबी खळ्यात पायताण घालत न्हाईत," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून घमेली दोन झाली. जागा साफ झाली तशी कोंडिबाच्या चाळीतली पोरं खेळायला आली, गावातलीही आली. सगळी अनवाणी! बाहेर चपलांची ही भलीमोठी रांग. माझी छाती फुगायची बघून.

तेव्हा पालिका नवी होती. बागांसाठी सरकारी पैसा मंजूर झाला होता आणि जागा बघणं चाललं होतं. बाग झाली तर मी मोकळा राहणार, नाहीतर माझा लिलाव होऊन वर इमारत चढणार. आणि त्या लिलावावर डोळा कुणाचा, तर धर्मराजचा! आता तो रेती-सिमेंट विकत होता. खाली गाळे, वर खोल्या, असं त्याचं सगळं ठरलेलं. आई त्याच्याशी महिनाभर बोलत नव्हती.

उद्यान विभागाच्या मंजुषाताई जागा बघायला आल्या. त्यांनी बाहेरची चपलांची रांग पाहिली, हळदकुंकू लावलेला खांब पाहिला आणि नकाशाची घडी घातली. हे तर देवस्थान आहे, म्हणाल्या. लोकांच्या कराचा पैसा बागेसाठी आहे, देवळासाठी वापरता येणार नाही. कोंडिबाने परोपरीने सांगितलं, पण त्यांचा एकच प्रश्न होता, देव नाही तर चपला कशाला काढता? धान्यासाठी म्हणावं, तर गेली कित्येक वर्षं माझ्यावर धान्याचा दाणा नाही.

धर्मराज कडेला मोटारसायकलजवळ उभा होता. तो नुसता गप्प राहिला असता तरी त्याचं काम होणार होतं.

यशोदाबाई त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तिच्या पायांना चप्पल माहीत नव्हती.

"धर्मा, तुझी चप्पल दे मना."

त्याने आईकडे पाहिलं. काय कळायचं ते त्याला कळलं. त्याने चपला काढल्या आणि वाकून तिच्या पायांपुढे ठेवल्या.

त्या बाप्यामाणसाच्या चपला घालून म्हातारी माझ्यावर चढली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फटक फटक चालली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही थांबली नाही.

"देऊल नाय बाय," ती ताईंना म्हणाली, "खला हाय. आता पोरांचा हाय."

मंजुषाताईंनी नकाशा पुन्हा उघडला आणि बाग इथेच होईल, असं सांगून गेल्या.

झाली की हो! कडुलिंब लागले, झोपाळे आले, नळ आला, कडेने बुटकी भिंत आली. जो पैसा कुणा एकाचा नव्हता त्याने मला वाचवलं, म्हणून मीही कुणा एकाचा राहिलो नाही. मळणीचा खांब तेवढा तसाच ठेवलाय. धर्मराज रोज संध्याकाळी आईला हाताला धरून आणतो. फाटकाशी स्वतःच्या चपला काढतो, त्याला कुणी सांगावं लागत नाही.

पोरं आता बूट घालून धावतात. धावू देत. तुम्हालाही आल्या आल्या चपला काढायला लावल्या, ती आपली माझी जुनी खोड. घाला खुशाल. कचरा टाकू नका आणि मला असाच मोकळा ठेवा, मग माझं काही म्हणणं नाही. अहो, यशोदाबाईनेही घातल्या होत्या, माझ्यासाठी.